बशीच्या काठावर

गार्थच्या स्कीवर मी बसले, ही गोष्ट आमच्या गावात आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. बेकरीत जा, पोस्टात जा, कुणीतरी खुर्ची पुढे सरकवतं आणि म्हणतं, "बस की मार्लिस, ही कुणाची स्की नाही." हसू देत. ज्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे त्यांच्यासाठी पूर्ण सांगते, आणि माझ्या बाजूने सांगते. दुसऱ्या बाजूने सांगायला गार्थ समर्थ आहे.

माझं वय त्रेसष्ट. अठ्ठावीस वर्षं मी खिंडीतल्या रस्त्यावर जिल्ह्याची बर्फ काढायची गाडी चालवली. गेल्या एप्रिलमध्ये डावा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाला, आता चाला आणि पोहा. कोलोरॅडोच्या या कोपऱ्यात, नऊ हजार फुटांवर, आठ महिने पाणी गोठलेलं असतं. पोहायचं कशात, घोड्याच्या टाकीत? नोव्हेंबरात मी स्की बांधल्या आणि डोंगर चढायला लागले.

आम्ही तिघं. गार्थ सुतार आहे, एकोणसाठचा, तीस वर्षांचा मित्र. ट्रीना दवाखान्यात नर्स आहे, आमच्याबरोबर तिचा हा तिसराच हिवाळा. शिवाय दोन कुत्री: माझी मेबल, अकरा वर्षांची, तोंड पांढरं झालेली, आणि गार्थचा टँगो, दीड वर्षाचा, अक्कल अजून यायची आहे. आम्ही लिफ्टच्या पाळण्यात बसून डोंगर चढणारे नव्हे. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे चढताना मागे घसरत नाही, आणि तीन-तीन तास चढून दहा मिनिटांत उतरायचं. ज्याला हे वेडेपण वाटतं त्याने घरी बसावं.

आता नियम सांगते, कारण सगळी भानगड त्या नियमाची आहे.

बारा वर्षांपूर्वी आमच्यात गार्थचा धाकटा भाऊ डेल होता. मार्चमध्ये एका उतारावर बर्फ सुटला आणि डेलला घेऊन गेला. आम्ही खोदून काढला तेव्हा उशीर झाला होता. दफनानंतर चर्चच्या तळघरात आम्ही बटाटे वाढलेल्या ताटल्या हातात घेऊन उभे होतो, आणि बोलता बोलता कळलं की त्या दिवशी वर उभं असताना मला नाही म्हणायचं होतं. गार्थलाही म्हणायचं होतं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत मूग गिळून बसला. गार्थने ताटली खाली ठेवली आणि तिथल्या तिथे नियम केला. उतरण्याआधी प्रत्येकाने हो किंवा नाही म्हणायचं. सगळ्यात नवा माणूस आधी बोलणार, सगळ्यात जुना शेवटी, म्हणजे मोठ्यांचं तोंड बघून कुणी उत्तर देणार नाही. एक 'नाही' आलं की सगळे मागे फिरणार. आणि कारण कुणी विचारायचं नाही. वर नाही, गाडीत नाही, कधीच नाही. कारण विचारलं की वाद होतो, आणि वर उभं राहून वाद घातला की नेहमी खाली जायच्या बाजूचाच जिंकतो.

फेब्रुवारीत चार दिवस सलग बर्फ पडला आणि शनिवारी आभाळ उघडलं. गावाच्या वर एक खोलगट उतार आहे, त्याला आम्ही बशी म्हणतो. चार वर्षांत ती अशी काठोकाठ भरली नव्हती. गार्थ आठवडाभर तिच्याकडे खिडकीतून बघत होता.

सकाळी गाड्या लावल्या. गार्थ वाटेत उभा राहिला आणि आम्ही एकेक करून त्याच्यासमोरून गेलो. गळ्यातलं बीकन, म्हणजे सतत इशारा सोडणारं छोटं यंत्र, चालू आहे की नाही हे असंच तपासतात. बर्फाखाली गाडलं गेलं तर तेवढाच एक आवाज माणसाचा उरतो. कुत्र्यांना बीकन नाही. माणूस शोधायच्या घाईत कुत्रा खोदून काढला तर त्याचं तोंड बघवणार नाही. मी पुढे गेले तेव्हा गार्थची नजर माझ्या गुडघ्यावर होती.

"तू आज कुत्र्यांना घेऊन खालच्या माळावर का नाही फिरत?" तो म्हणाला. "मस्त सपाट आहे."

"सपाट जागेवर मेल्यावर झोपायचंच आहे."

"मी आपलं काळजीने म्हटलं."

"काळजी टँगोची कर. तो पुन्हा माझी सँडविच खाणार आहे."

बर्फ मांडीपर्यंत होता. पुढच्याने वाट पाडायची, दमला की बाजूला व्हायचं, मागच्याने पुढे यायचं. मेबल शहाणी, ती पाडलेल्या वाटेतून माझ्या मागोमाग चालत होती. टँगो वाट सोडून बाजूला उड्या मारी आणि बुडे. वर नुसते दोन कान दिसायचे. माझी पाळी आली तेव्हा ट्रीना म्हणाली, "मार्लिस, राहू दे, मी जाते पुढे."

"माझी पाळी संपली की मी सांगेन," मी म्हटलं, आणि अजून शंभर पावलं जास्त पाडली. गुडघा दुखत होता. खोटं कशाला बोलू.

काठाच्या जरा खाली खड्डा खोदून बघितला. तळाला साखरेसारखा भुसभुशीत थर होता, बर्फ सुटतो तो याच थरावरून, पण तो आमच्याकडे असतोच. बर्फाचा खांब कापून त्यावर फावड्याने थापट्या मारल्या. खांब हलला नाही, म्हणजे थर धरून होता. गार्थचा चेहरा सण असल्यासारखा उजळला.

वर पोचलो. तिघांनी स्की काढल्या, पट्ट्या सोलून घेतल्या. खाली बशी पसरली होती, एकही रेघ न उमटलेली.

"हो," ट्रीना म्हणाली.

मग मी, गार्थ टोळीत माझ्याआधीपासूनचा. मी म्हटलं, "नाही."

गार्थ पट्टीची घडी घालत होता. त्याने घडी पूर्ण केली, पिशवीत ठेवली आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "गुडघा का?"

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बारा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

"काय म्हणालास?"

"गुडघा दुखत असेल तर तसं सांग. त्यात लाजायचं काय? तू ट्रीनाबरोबर झाडीतून उतर, मी बशीतून येतो. खाली भेटू."

"एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही. हा नियम तुझा आहे, माझा नाही."

"तो बर्फासाठी केला होता. गुडघ्यासाठी नाही."

"माझं 'नाही' कशासाठी आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"मग सांग ना कशासाठी आहे ते."

"सांगणार नाही."

तुम्हालाही सांगणार नाही. कुणाला वाटत असेल की गोष्टीच्या शेवटी कळेल, तर वाट बघू नका. एकदा कारण सांगितलं की संपलं. मग धडधाकट गुडघेवाल्यांचं 'नाही' कारणाशिवाय चालणार आणि माझ्या 'नाही'ला दर वेळी दाखला जोडावा लागणार. आज गुडघा, उद्या वय, परवा डोळे. एकदा तुमच्या नाहीचं वजन लोक स्वतःच ठरवायला लागले की तुम्ही त्या टोळीतले राहत नाही. तुम्हाला नुसतं बरोबर नेतात, म्हाताऱ्या कुत्रीसारखं.

गार्थच्या स्की बर्फावर शेजारीशेजारी आडव्या पडल्या होत्या. तो त्या घ्यायला वळला. मी आधी पोचले आणि त्यांच्यावर बसले. नवा गुडघा पुरता वाकत नाही, म्हणून पाय सरळ पुढे पसरले. मेबल आली आणि तिने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. टँगोला वाटलं जेवायची वेळ झाली. तोही येऊन स्कीच्या मागच्या टोकावर बसला.

"ऊठ," गार्थ म्हणाला.

"नाही."

"मार्लिस, तू काय लहान आहेस?"

"त्रेसष्ट."

"तुला उचलून बाजूला ठेवू शकतो मी."

"ये की. गुडघा लोखंडाचा आहे. कुठे लागेल सांगता येत नाही."

त्याने ट्रीनाकडे बघितलं. "तू हो म्हणालीस ना? सांग हिला."

ट्रीनाने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "म्हणाले," ती म्हणाली. "अजूनही हो आहे माझं. पण आज हिला विचारलंस, तर उद्या मलाही विचारशील." आणि ती येऊन माझ्या शेजारी बसली. एवढ्या थंडीतही मला ऊब आली, इतकं बरं वाटलं.

गार्थ तिथेच उभा राहिला. वारा सुटला होता, मेबलच्या पाठीवर बर्फाचे कण जमत होते. त्याच्या चेहऱ्यावर राग होता आणि मला माहीत होतं तो कुठून येतो. बोलू नये ते मी बोलले.

"डेलच्या दिवशी तू घाबरून गप्प बसलास. मीही बसले. आज मी घाबरले नाही. तुला त्याचाच राग आला असेल तर येऊ दे. मी उठणार नाही."

तो आपल्या पिशवीवर बसला, आमच्याकडे पाठ करून. मेबलची पाठ बर्फाने पांढरी होईपर्यंत आम्ही असेच बसलो होतो. मग तो उठला आणि म्हणाला, "उठा. पाय गारठतील." आम्ही झाडीतून उतरलो, तिथे बर्फ सहसा सुटत नाही. खाली पोचेपर्यंत त्याने फक्त टँगोला हाका मारल्या.

आता पुढचं ऐका, कारण लोक गोष्टीच्या या टप्प्यावर हसतात. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे दोघे बशीतून उतरले, काठापासून तळापर्यंत. बर्फ सुटला नाही. दोघांच्या नागमोडी रेघा बेकरीच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होत्या. मी पाव घ्यायला गेले तेव्हा गार्थ कॉफी घेऊन खिडकीशीच उभा होता.

"टिकला की बर्फ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"टिकला," मी म्हटलं. "मीही बघतेय."

"मग?"

"मग काय? नाही ते नाहीच."

सगळी बेकरी हसली. मी पाव घेतला आणि बाहेर आले. बर्फ सुटला असता तर मी शहाणी ठरले असते आणि दोन माणसं मेली असती. असलं शहाणपण नको मला. मी खरी ठरावी म्हणून नाही म्हटलं नव्हतं. म्हणायचा हक्क होता म्हणून म्हटलं.

पण एक गोष्ट मनाला लागली. दर शुक्रवारी जेवणाच्या वेळी गार्थचा फोन येतो. "सात," एवढंच म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणजे सकाळी सातला गाड्यांपाशी. तीस वर्षं येतो. त्या शुक्रवारी आला नाही. मी ताट धुतलं, मेबलला खायला घातलं, फोन नीट ठेवलाय का ते दोनदा बघितलं. मग रडले. रागाने रडले, पण रडलेच.

शनिवारी सातला मी तिथे होते. गार्थ आणि ट्रीना गाडीच्या मागच्या दाराशी स्की काढत होते. ट्रीनाने मला बघून हात वर केला. गार्थने नाही केला.

"फोन केला नव्हता," तो म्हणाला.

"रस्ता जिल्ह्याचा आहे. अठ्ठावीस वर्षं मीच साफ केलाय."

तो टँगोकडे वळला. पंजांना बर्फ चिकटू नये म्हणून मेण चोळून झालं, तसा तो वाटेत जाऊन उभा राहिला, हातात बीकन धरून. ट्रीना पुढून गेली. मी गेले. यंत्र वाजलं.

"चालू आहे," तो म्हणाला. त्यानंतर दिवसभरात तो माझ्याशी आणखी एकच शब्द बोलला.

आठवडाभर नवा बर्फ पडला नव्हता. बशीतला बर्फ बसून घट्ट झाला होता, त्या दोघांच्या रेघा वाऱ्याने पुसल्या होत्या, वर निळं आभाळ. मी वाट पाडली आणि गुडघ्याने एकदाही कुरकूर केली नाही. काठावर उभी राहिले तेव्हा मला ती बशी फार हवीशी वाटली. चार वर्षं मीसुद्धा वाट बघत होते; तसं गार्थने कधी विचारलं नाही.

"हो," ट्रीना म्हणाली.

"हो," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

गार्थ टँगोचा कान चोळत होता. मग त्याने मान वर केली, थेट माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "नाही."

प्रश्न माझ्या जिभेवर आलाच होता. बदला घेतोस का? आज पुन्हा खड्डा खोदलास, थापट्या मारल्यास, तुझ्याच हाताखाली खांब हलला नाही, मग काय दिसलं तुला? की माझी परीक्षा घेतोस? तो वाट बघत होता. ट्रीनाही माझ्याकडे बघत होती. इतका राग मला त्या दिवशी त्याच्या स्कीवर बसतानाही आला नव्हता.

मी स्की पायांत अडकवल्या, झाडीकडे तोंड केलं आणि मेबलला हाक मारली.

त्याचं ते नाही बर्फासाठी होतं, रागासाठी होतं की माझ्यासाठी, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. गाडीतही नाही.

पुढच्या शुक्रवारी मी जेवायला बसले होते तेव्हा फोन वाजला.

"सात," गार्थ म्हणाला.