गुदामातली बेक्कू

चनबसप्पाचं भुसाराचं दुकान सोलापुरात मंगळवार पेठेत होतं. पुढं दुकान, मधे गुदाम, मागं राहतं घर. बाहत्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदाच ज्वारीची थप्पी आढ्याला टेकली आणि गुदामात उंदीर माजले. त्यांच्या मागोमाग राखाडी पट्ट्यांची एक मांजरी आली. तिला कुणी आणलं नव्हतं. चनबसप्पाची बायको महानंदा माहेरची दुधनीची. ती तिला कानडीत नुसतं ‘बेक्कू’ म्हणायची, म्हणजे मांजर.

दुधनीच्या खळ्यावर महानंदा मांजरांतच वाढली होती. तिचे वडील सांगायचे, "गाय-बैल आपण धरून आणले. मांजर आपल्या पायानं आलं. माणसानं धान्य साठवलं, त्याला उंदीर आले, उंदरांसाठी ते आलं. त्याला बांधायला जाऊ नको."

बेक्कू गुदामात व्याली. तीन पिल्लं. पोत्यांच्या थप्पीमागच्या फटीत तिनं ती ठेवली होती. महानंदा लांबूनच बघायची, हात लावायची नाही. चनबसप्पाला मांजर चालायची ती उंदरांपुरती. त्याच्या घरात कांदा-लसूणसुद्धा जपून शिजायचा. रक्त बघितलं की त्याचं डोकं फिरायचं. डोकं तसंही लवकर फिरायचं. महानंदाच्या डाव्या कानामागं एक जुना व्रण होता, आणि तो कशानं झाला हे शेजारच्या मीनाबाईंनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना भिंतीपलीकडून ऐकू आलेलं होतं.

पिल्लं महिन्याची झाली असतील, एका सकाळी चनबसप्पा गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसला असताना गुदामातून किंकाळी आली. महानंदा धावली. थोराड डोक्याचा, एक कान फाटलेला बोका फटीत शिरला होता. एका पिल्लाची मान त्यानं मोडली होती, दुसरं तोंडात धरून झटकत होता. बेक्कू त्याच्या पाठीवर पडली. दोघं पोत्यांवरून गडगडत खाली आली, केसांचे पुंजके उडाले, ज्वारीवर रक्ताचे शिंतोडे पडले. महानंदानं खराटा आपटला. बोका खिडकीतून पसार झाला, पण पिल्लू आधीच मेलं होतं.

बेक्कूनं मेलेल्या पिल्लांना हुंगलं, चाटलं. मग उरलेलं एक मानगुटीला धरून ती घरात पळाली, पूजेच्या पाटावरून उडी मारून अडगळीच्या खोलीत शिरली. विभूती सांडली. चनबसप्पाच्या मांडीवर रक्ताचे थेंब पडले.

त्यानं लिंग छातीशी बांधलं आणि उठला. गुदामात जाऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सोताची पिल्लं खाल्ली हिनं. राक्षशीण हाय."

"तिनं न्हाय खाल्ली. बोक्यानं मारली," महानंदा म्हणाली. "पिल्लं अंगावर असली की मांजरी बोक्याला जवळ येऊ देत न्हाय. म्हणून मारतात ते. मी बघितलं की."

"तिच्या तोंडाला रक्त हाय, आन मला शिकवती?" त्यानं तराजूची लोखंडी दांडी उचलली. "मी आत जातो. भायेरनं कडी घाल. मी सांगेस्तोवर उघडायची न्हाय."

"तिला पळायला वाट ठिवा. कोंडलेलं मांजर अंगावर येतं. पिल्लू हाय तिच्याजवळ."

"कडी घाल म्हनलं ना!"

महानंदानं कडी घातली.

आत पत्र्याच्या ट्रंकेवर दांडी वाजली. मग एक मऊ आवाज, हाडावर पडल्यासारखा. बेक्कू गुरगुरू लागली, खोल, घशातून, आणि गुरगुर वर चढत गेली. पुन्हा दांडी पडली. मग चनबसप्पाच ओरडला. महानंदानं त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"उघड! अगं उघड! डोळा… माझा डोळा!"

तिचा हात कडीवर होता. याच खोलीत, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ती अशीच ओरडली होती. तेव्हा बाहेर सासू उभी होती आणि तिनं दार उघडलं नव्हतं. महानंदाचा हात कडीवरच राहिला. आत काहीतरी कोसळलं. चनबसप्पा रडायला लागला, लहान पोरासारखा. तेव्हा तिनं कडी काढली.

बेक्कू तिच्या पायांमधून गेली, तीन पायांवर. चौथा लोंबत होता. चनबसप्पा भिंतीला टेकून बसला होता. कपाळापासून गालापर्यंत चामडी उकलली होती, अंगठ्यात दात आरपार गेले होते.

"लगेच का उघडलं न्हाईस?"

महानंदानं त्याच्या तोंडाला धोतराचं पान बांधलं आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखमा साबणानं बराच वेळ धुतल्या, तेव्हा तो पुन्हा ओरडला. बुबुळावर ओरखडा होता. नजर किती राहील सांगता येत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मांजर कुठं आहे?"

"सापडली की ठार करतो."

"तसं करू नका. पिसाळलेली असेल तर दहा दिवसांत ती मरेल. जिवंत राहिली तर तुम्ही वाचलात. तोवर पोटात रोज इंजेक्शन. ती मेली किंवा सापडलीच नाही, तर सगळा कोर्स पुरा करावा लागेल."

चनबसप्पाच्या पोटात पहिली सुई गेली. घरी येताना रिक्षात त्यानं महानंदाचा हात धरला. "बघ गं तिला. जगवायला पायजे."

महानंदाला ठाऊक होतं, दुखावलेलं मांजर लांब जात नाही. अंधारात, अरुंद जागी, पाठ झाकून बसतं. आणि पिल्लू अजून ट्रंकेमागं ओरडत होतं. तिनं पिल्लू उचललं नाही. खोलीचं दार सताड ठेवलं, वाटीत पाणी ठेवलं आणि ओसरीवर बसून राहिली. दिवस कलता बेक्कू रिकाम्या पोत्यांखालून सरपटत आली. महानंदानं तिच्याकडं टक लावून बघितलं नाही. पापण्या सावकाश मिटल्या, उघडल्या. बेक्कू तिच्या अंगावरून गेली आणि पिल्लाजवळ आडवी झाली.

पुढचे दिवस महानंदानं दोघांचं केलं. नवऱ्याच्या जखमा धुतल्या, त्याला दवाखान्यात नेलं. बेक्कूच्या खाली जुनं गोणपाट अंथरलं, वाळूची पाटी जवळ ठेवली, दूध पाणी घालून पातळ केलं. पाय बांधायला गेली तेव्हा बेक्कूनं तिच्या मनगटात नखं रुतवली. तिनं हात झटकला नाही; पंजा सैल होईपर्यंत थांबली आणि पाय तसाच सोडला. तो वाकडाच जुळत गेला.

चनबसप्पा रोज दारातून विचारायचा, "खाल्लं का तिनं?" खाल्लं म्हटलं की तो निजायला जायचा.

बेक्कू जगली. डॉक्टरांनी सुया थांबवल्या. चनबसप्पाला जखमी डोळ्यानं धुरकट दिसू लागलं, तेवढंच. त्याच दिवशी दुपारी तो जेवता जेवता म्हणाला, "आता पोत्यात घाल आन तळ्यात टाकून ये."

"न्हाय टाकणार."

ताट भिंतीवर आदळलं. तो उठला, हात वर गेला. महानंदा मागं सरली नाही. तिनं चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. ठिणग्या त्याच्या सदऱ्यावर पडल्या.

"एक डोळा ऱ्हायलाय," ती म्हणाली. "ईचार करा."

तिचा आवाज चढला नव्हता. तो मटकन बसला. भिंतीपलीकडं मीनाबाईंच्या घरातला भांडी घासायचा आवाज थांबला होता.

महानंदानं पिल्लू पदरात घेतलं आणि बेक्कूला झाकणाच्या टोपलीत घातलं. एस.टी. स्टँडच्या वाटेवर बेक्कूनं टोपलीचं झाकण उचकटलं, बाहेर उडी घेतली आणि लंगडत, गटाराच्या कडेकडेनं मंगळवार पेठेकडं निघाली. महानंदानं हाक मारली. बेक्कूनं वळून बघितलं नाही. तिची जागा गुदामातली होती, थप्पीची, वासाची. पिल्लू आता आपलं आपण खात होतं. तिनं त्याला दूध पाजणं सोडलं होतं. महानंदानं पदरातलं पिल्लू सावरलं. मग दुधनीच्या गाडीत बसली.

दुधनीत भाऊ संगप्पानं तिला ठेवून घेतलं. चनबसप्पा दोनदा येऊन गेला, ओसरीवर बसला, चहा घेतला. ती गेली नाही. बेक्कू अजून गुदामात असते, दिसते अधूनमधून, एवढं त्यानं आपणहून सांगितलं.

माघात एकदा पिल्लानं खळ्यावर पहिला उंदीर धरला. शिकवायला आई नव्हती; धरायचं अंगात होतं, मारायचं कुठं ते कळत नव्हतं. उंदरानं त्याच्या नाकाचा चावा घेतला. पिल्लू कळवळलं, पण उंदीर सुटू दिला नाही त्यानं. परत परत दात रोवत राहिलं, मान सापडेपर्यंत. संगप्पानं तोंड फिरवलं.

"हाकल की त्याला, अक्का."

"असू दे," महानंदा म्हणाली, आणि सूप पुढ्यात ओढून ज्वारी पाखडू लागली.