नाकवाल्यांनी पास केलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात नुसतं नाव असून भागत नाही, नाव पडावं लागतं. जुन्या गाड्या पारखून देणाऱ्या या गृहस्थांचं पडलं होतं ‘नाकवाले’. गाडीचं दार उघडायचं, आत डोकं घालायचं, डोळे मिटून एक खोल श्वास घ्यायचा आणि शांतपणे सांगायचं, “ही पुरात बुडालेली आहे.” विकणारा आधी हसायचा, मग चिडायचा, आणि कार्पेट उचलून खालचा गाळ दिसला की त्याला पळता भुई थोडी व्हायची. साधी गाडी असो की आलिशान, नाकवाल्यांनी ‘पास’ म्हटलं की घेणारा पुढे एक प्रश्न विचारत नसे. इतका विश्वास लोक डॉक्टरवरही ठेवत नाहीत.

तर असं हे नाक गेल्या थंडीतल्या तापानंतर निकामी झालं. दिसायला होतं तसंच, धारदार, चेहऱ्याला शोभणारं. फक्त त्याला वास येईना. ना फोडणीचा, ना पेट्रोलचा, ना स्वतःच्या घामाचा. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. एवढं सांगायला फी कशाला लागते, असं बायको दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली. हे गुपित फक्त तिलाच ठाऊक होतं. घरात दूध नासलं का, काही करपतंय का, ते ती बघायची.

बाजारात त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कसा देणार? वास न येणाऱ्या नाकवाल्याला कुत्रं तरी विचारेल का? पन्नाशी उलटलेली, दुसरं कुठलं काम अंगात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते पूर्वीसारखेच डोकं आत घालायचे, डोळे मिटायचे, छाती भरून श्वास घ्यायचे, आणि मग हळूच हातांनी नि डोळ्यांनी काम भागवायचे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधायची, स्टेपनीच्या खड्ड्यात बोटं फिरवायची, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज बघायचा. हात जुने होते, निदान चुकत नव्हतं. काही महिने असे निभावले आणि त्यांना वाटू लागलं, नाक हे आपलं उगाच होतं. माणसाला आपली थाप स्वतःला पटायला लागली की समजावं, आता काही खरं नाही.

अशात धाकटी बहीण आली. तिच्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. घरची गाडी बुटकी. म्हातारीला आत बसवायचं म्हणजे दोघांनी धरून खाली सोडायचं, उतरवताना पुन्हा ओढून वर काढायचं, आणि तिने प्रत्येक वेळी ‘मेले गं’ म्हणायचं. उंच सीटची गाडी हवी होती. बहिणीचे यजमान, म्हणजे जावईबापू, शाळेत गणित शिकवत. त्यांनी महिनाभर बसून अभ्यास केला होता. नवी साधी एसयूव्ही घेतली तर सीट कडक आणि धक्के कंबरेला बसणार. नवी आलिशान घ्यायची तर घर विकावं लागेल. तिसरा मार्ग म्हणजे मध्यम आकाराची, चारेक वर्षं वापरलेली आलिशान गाडी. पहिल्या मालकाने नवेपणाचा तोटा सोसलेला, आणि पाय ठेवायची पायरी, मऊ चामडं, दणका पोटात ठेवणारी चाकं हे सगळं जसंच्या तसं. टायर महाग, सुटे भाग महाग, हेही त्यांनी मांडून ठेवलं होतं. आणि या सगळ्या अभ्यासाचा शेवट एकाच गोष्टीवर होता: दादा वास घेतील.

“दादा, तू फक्त एकदा डोकं आत घाल,” बहीण म्हणाली. “तू हो म्हणालास की आम्ही डोळे मिटून घेतो.”

गाडी गडद निळी होती. उभी अशी की शेजारच्या गाड्या नोकरांसारख्या वाटाव्यात. ज्यांच्या अड्ड्यावर नाकवाले काम करत, त्या मालकांकडे ती दूरच्या कुठल्या गावाहून विकायला आली होती. नाकवाल्यांनी दार उघडलं, डोळे मिटले, श्वास घेतला. आत काहीच नव्हतं. मग त्यांनी हातांनी सुरुवात केली. रंग सगळीकडे सारख्या जाडीचा. इंजिन गप्प, गुणी. सीटबेल्ट कोरे करकरीत. कार्पेटही नवं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, मालकिणीचा कुत्रा होता, त्याने सगळं कुरतडलं म्हणून बदललं. पटण्यासारखं होतं. कुत्री कुरतडतातच.

तेवढ्यात बहीण मागच्या सीटवर जाऊन बसली आणि हरखून म्हणाली, “अहो, काय छान वास येतोय आत! अगदी नव्या कोऱ्या गाडीसारखा.”

चार वर्षांच्या गाडीला नव्या गाडीचा वास येत नसतो. कुणी आणून घातल्याशिवाय तर नाहीच नाही. पूर्वीचे नाकवाले असते तर त्या सुगंधाच्या आड दडलेला ओलसर, कुबट वास त्यांनी कान धरून बाहेर काढला असता. आता एकच उपाय होता. पुढची सीट खोलायची आणि कार्पेट उचलायचं. अशा गाड्यांचा मेंदू पायाखाली असतो; सगळ्या वायरी, सगळे जोड तिथेच. पाणी शिरलं असेल तर तिथे लपत नाही. त्यांनी पाना उचलला आणि सीटच्या बोल्टला लावला.

“अरे बघा रे!” अड्ड्यावरचा तोंडाळ मिस्त्री पलीकडून ओरडला. “नाकवाले आणि हातात पाना? नाक गहाण टाकलं की काय?”

सगळे हसले. बहीणही हसली, जावईबापूही. फक्त ऑफिसच्या काचेआडून मालकांनी मान वर केली, ते हसले नाहीत. नाकवाले तसेच वाकलेले राहिले. बोल्ट फिरवायला हाताला जोर लागणार नव्हता. पण तो फिरवला की पुढचा प्रश्न येणार होता: नाक असताना पाना कशाला? त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, “छे रे. सीट हलते का तेवढं बघत होतो. पास आहे.”

एका म्हाताऱ्या बाईचा जीव त्या ‘पास’वर टांगलेला होता, आणि हे त्यांना त्या क्षणी अर्धवट का होईना कळत होतं. उगाच नंतर कळलं असं म्हणायला नको.

गाडीने म्हातारीला सुख दिलं, हे मात्र खरं. ‘मेले गं’ बंद झालं. ती उंचावर बसायची, काच खाली करायची आणि ओळखीचं कुणी दिसलं की मुद्दाम गाडी थांबवायला लावायची. जावईबापू तिला व्यायामाच्या दवाखान्यात नेऊन आणत. सून कामावर असायची, त्यामुळे गाडीत बहुतेक वेळा मायलेकच.

एका दुपारी परत येताना, उताराच्या वळणावर, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकदम विझले. इंजिन गेलं. स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक पाय देऊनही बसेना. गाडी संरक्षक भिंतीवर गेली. एकही एअरबॅग उघडली नाही. म्हातारी जागच्या जागी गेली. जावईबापूंचा पाय आणि मनगट मोडलं. दिव्यांची आणि स्टिअरिंगची ही हकीकत त्यांनी शुद्धीवर आल्या आल्या सांगितली, पुन्हा पुन्हा सांगितली, पण ती सांगायला दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर नाकवाल्यांचा जुना दोस्त. त्याचा फोन आला.

“ही गाडी तू बघितलेली ना?”

“हो.”

“मग संपलं. पुढचा भाग इतका चेपलाय की आत शोधण्यात अर्थ नाही. आणि तू बघितलेल्या गाडीत काय निघणार? चालवणाऱ्याला डुलकी लागली असणार. दुपारची वेळ होती.”

नाकवाले म्हणाले, “हं.” एका ‘हं’मध्ये माणसाची राखरांगोळी करता येते, ती अशी.

त्या ‘हं’नंतर जे व्हायचं तेच झालं. दादांच्या नाकाने पास केलेली गाडी चुकेल कशी? म्हणजे जावईबापूच चुकले, वर स्वतःला वाचवायला दिव्यांच्या गोष्टी रचतात. त्यांच्या थोरल्या भावाने आईच्या प्रेतासमोर त्यांच्याशी बोलणं टाकलं. बहीण त्यांना जेवायला वाढायची, औषध द्यायची आणि झोपायला दुसऱ्या खोलीत जायची.

नाकवाल्यांना राहवेना. ते भंगारच्या आवारात जाऊन ती गाडी बघून आले. या खेपेला पाना नेला. सीट खोलली, कार्पेट उचललं. खाली वाळलेला गाळ होता, पिठासारखा बारीक. वायरींचे जोड हिरवे पडून कुजलेले. आणि मग त्यांनी कार्पेट होतं तसं परत बसवलं, कडा नीट दाबून. आयुष्यभर दुसऱ्यांची जी लबाडी ते उघडी पाडत आले, ती त्यांच्या हाताला किती सफाईने जमली!

पण मन खात होतं. एका संध्याकाळी सगळं सांगून टाकायचं ठरवून ते बहिणीकडे गेले. ती कामावरून यायची होती. जावईबापू कुबडी टेकत दारापर्यंत आले.

“या दादा. ती येईलच. दूध ठेवलंय बारीक आचेवर, आली की चहा करेल.”

दोघं बसले. नाकवाल्यांनी घसा खाकरला. पण बोलले ते जावईबापूच.

“तुम्हाला एक सांगायचं होतं. मी उगाच तुमच्या गाडीला बोल लावला. मला डुलकीच लागली असणार.”

“तुम्हाला आठवतंय तसं?”

“आठवत काहीच नाही. म्हणजे दिवे आठवतात. पण ते स्वप्नातले असतील. सगळे एवढं म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच ना? काल थोरल्या भावाला फोन केला. म्हटलं, झोपलो होतो मी, आईला मीच मारलं. तो रडला. बोलला माझ्याशी. इतक्या दिवसांनी बोलला.” त्यांनी मान खाली घातली. “कबूल केल्यावर जरा झोप येते बघा. तीही गोळी घेऊनच.”

नाकवाल्यांना आपली किळस आली, आणि त्याच श्वासात हायसंही वाटलं. या माणसाने स्वतःच ओझं उचललं आहे, भावाशी बोलणं सुरू झालं आहे, आता आपण कशाला पुन्हा जखम उकरायची? भित्र्या माणसाला शहाणपण असं अगदी वेळेवर सुचतं. जावईबापू गोळी घेऊन आत जाऊन पडले. नाकवाले बाहेरच्या खोलीत बसून राहिले. स्वयंपाकघरातून चर्र असा बारीकसा आवाज आला नि थांबला. त्यांचं लक्षच नव्हतं. आता सांगावं की नको, याचा हिशोब ते मनात जुळवत होते, आणि दर वेळी उत्तर ‘नको’ येत होतं.

अंधारून आलं. दिवा लावावा म्हणून ते उठले, बटणाकडे हात नेला. तेवढ्यात दार उघडलं.

“हात लावू नकोस!” बहीण किंचाळली. “दादा, कशालाही हात लावू नकोस!”

त्यांनी हात मागे घेतला. ती पिशवी टाकून स्वयंपाकघरात धावली, गॅसचं बटण बंद केलं, एकामागून एक खिडक्या उघडत सुटली. शेगडीवर दूध उतू जाऊन केव्हाच आच विझली होती आणि गॅस नुसताच वाहत होता. नवऱ्याच्या खोलीची खिडकी उघडून ती बाहेर आली, तोंडाला पदर लावून खोकत.

“जिन्यापर्यंत वास येतोय! डोकं भणभणलं माझं! तू... तू इथेच बसला होतास?”

“जरा डोळा लागला होता,” नाकवाले म्हणाले. शब्द तोंडातून गेले आणि ते कुणाच्या माथी मारलेले शब्द होते, हे त्यांना ऐकू आलं.

“खोटं बोलू नकोस. मी दार उघडलं तेव्हा तू उभा होतास. टक्क जागा.” ती पुढे आली. अंधारात तिने त्यांचा चेहरा निरखला. “तुला वास आला नाही.”

त्यांचा हात नकळत नाकाकडे गेला.

“कधीपासून?”

“थंडीपासून.”

थंडीनंतर गाडी आली होती, हे तिला मोजावं लागलं नाही. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली. ती रडेल, शिव्या देईल, हाताला येईल ते फेकून मारेल, असं नाकवाल्यांना वाटलं, आणि तिने तसं करावं अशी त्यांची फार इच्छा होती. तिने त्यांच्याकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. ती आतल्या खोलीत गेली, पलंगाच्या कडेला बसली आणि नवऱ्याचा चांगला खांदा धरून त्याला हलवू लागली.

“अहो, उठा. ऐका ना. तुम्ही झोपला नव्हतात. त्या दिवशी तुम्ही झोपला नव्हतात हो.”

गोळीचा अंमल जबर होता. जावईबापूंनी डोळे उघडले नाहीत, पण बायकोचा आवाज तेवढा त्यांच्यापर्यंत पोचला असावा. त्यांनी तिचा हात चाचपून धरला आणि झोपेतच समजूत काढावी तसे पुटपुटत राहिले, “हो, हो. लागली होती डुलकी. माझंच चुकलं.”