मुठीची ज्वारी

“उभ्या राहा, जयमालाबाई. लाजू नका, मंडळीला बघू द्या.”

शिरसाठ पाळकांनी पुढे हात केला आणि सतरंजीवर बसलेल्या साठ-सत्तर माणसांच्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. जयमाला तिसऱ्या रांगेत होती. तिला वाटलं, प्रार्थना करायला सांगतात. ती उठली, पदर डोक्यावर ओढला, हात जोडून डोळे मिटले. तेवढ्यात टाळ्या वाजल्या.

टाळ्या कशाच्या, ते पाळकांच्या पुढच्या वाक्यानं कळलं. बायबलातली ती गरीब विधवा, जिनं मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, जवळची शेवटची दोन नाणी, टाकली आणि जिला येशू प्रभूनं पाहिलं, ती आज अमडापूरच्या या देवळात आपल्यात आहे, असं ते सांगत होते. घरात मिळवतं माणूस नाही, शाळेत खिचडी शिजवून पोट भरते, तरी पिपाभर ज्वारी घेऊन आली. चिखलीला मोबाइलचं दुकान असलेला हर्षल मंडळीचे फोटो काढायचा. त्यानं पुढे येऊन तिचे तीन फोटो घेतले आणि चौथ्याच्या वेळी हळूच म्हणाला, “काकू, हसू नका जराशा.”

जयमाला खाली बसली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

हंगामाचा रविवार होता. सोयाबीन निघायला लागलं की येणारा हा सण. कुणी कपाशीची पहिली बोंडं आणतं, कुणी दुधी, कुणी पाय बांधलेली कोंबडी, आणि उपासना संपली की देवळाच्या अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. जयमालाचा पिपा मात्र वर्षभर भरत यायचा. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी पोत्यात हात घालायचा, एक मूठ ज्वारी काढायची आणि तेलाच्या रिकाम्या पिप्यात सोडायची. वर कडुनिंबाचा पाला, कीड लागू नये म्हणून. नवरा गेला त्या वर्षी सासूनं तिला ही मूठ लावून दिली होती, त्याला चौदा वर्षं झाली. मूठ सोडताना ती पुटपुटायची,

पहिली माझी मूठ, देवबापाच्या नावाची
मग उरली-सुरली, लेकीबाळीच्या गावाची

लेक वंदना दुसरबीडला दिली होती. चार वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणात पोतं तळाला गेलं, तेव्हाही मूठ चुकली नाही. फक्त लहान झाली. बोटं थोडी आत वळवायची, बस.

यात त्यागाचं वगैरे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तिला ते आवडायचं. शाळेत दीडशे पोरांच्या ताटात ती खिचडी वाढायची, पण तांदूळ सरकारचा, डाळ सरकारची, तिचा फक्त घाम. वर्षातून एकदा, या अंगणात, तिच्या स्वतःच्या धान्याची बोली लागायची. पंजाबराव शिंपी ती बोली अशी चढवायचा की त्याची बायको मागून सदरा ओढायची. “अवं, घरी दोन पोते ज्वारी हाय,” ती म्हणायची. पंजाबराव म्हणायचा, “तिच्यात जयमालाबाईचा हात कुठी हाय?” अंगण हसायचं. जयमाला तोंडाला पदर लावून हसायची, आणि ते हसू तिला पुढचा हंगाम येईस्तोवर पुरायचं.

या वर्षी दुधी गेला, कोंबडी गेली, एक लिंबू तर बकरीच्या भावात गेलं. पिपा आलाच नाही. पंजाबरावानं विचारलंही, “बाईचा पिपा कुठाय?” पाळक हसून म्हणाले, त्याचा यंदा विशेष उपयोग केलाय.

मग कळलं. टेबलावर दहा पिशव्या मांडल्या होत्या, गरजू कुटुंबांसाठी. पहिलं नाव पुकारलं ते तिचं. पुन्हा टाळ्या, पुन्हा हर्षल. पिशवीत तेल होतं, साखर होती, साबण होता, आणि तळाशी पाच किलो ज्वारी. घरी येऊन तिनं ज्वारीची गाठ सोडली. वरच कडुनिंबाचं वाळलेलं पान होतं.

तिनं ते पान तळहातावर घेतलं. माहेरी पाठवलेली साडी सासरी परत यावी तसं तिला झालं. चौदा वर्षांत ती पुष्कळ गोष्टींना रडली होती. या गोष्टीला रडू येईना, नुसता संताप आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. तिनं गाठ परत बांधली, पिशवी डोक्यावर घेतली आणि भर दुपारी पाळकांच्या क्वार्टरवर गेली.

शिरसाठ पाळक नगरकडचे. येऊन सहा महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता. रात्री-बेरात्री आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसायचा. त्यांनी खुर्ची पुढे केली. जयमालानं पिशवी खुर्चीवर ठेवली आणि स्वतः उभी राहिली.

“साहेब, हे मी तुमाले मांगलं होतं काय?”

पाळक गोंधळले. मग समजावू लागले. वर संस्थेकडे दहा कुटुंबांची यादी पाठवायची होती, तिचा फोटो पाहून इतरांनाही द्यावंसं वाटेल, आणि तिच्या ज्वारीतला वाटा तिलाही मिळावा ही त्यांची स्वतःची कल्पना. देवानं दिलेलं देवानं परत केलं, असं समजायचं.

“देवानं नाई केलं. तुमी केलं.”

“बाई, तुमच्या भल्यासाठीच. आणि आता तुम्हाला मूठही काढायची गरज नाही. मदत घेणाऱ्यांनी अर्पण आणायचं नाही, असं मंडळीच्या पंचांनी ठरवलंय. इतकी वर्षं तुम्ही दिलंत, आता मंडळी तुम्हाला सांभाळेल.”

दारातला पडदा वाऱ्यानं आत जात होता, बाहेर येत होता. मूठ काढायची गरज नाही. हे त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतं.

“मी गरीब हावो,” ती म्हणाली. “गावाले ठाऊक हाय, मले ठाऊक हाय. त्याचं काई नाई. अडलं तं मी येईन, तुमच्याच दारात येईन, हात पसरीन. पण देनारी हावो मी, साहेब. चौदा वर्सं झाले. सकाळी मूठ सोडली का दिवसभर मले वाटते, माह्यावाल्या घरात काईतरी हाय म्हनून. तुमी तेच काहाडून घेतलं. मंग माह्यापाशी राह्यलं काय? साबन?”

पाळकांनी मान खाली घातली. ती मात्र थांबली नाही.

“अन् ते दोन टोल्यावाली. तिले प्रभूनं उभं केलं होतं काय? टाळ्या वाजोल्या होत्या? त्यानं आपल्या मानसाईले बाजूले सांगतलं. ती बाई तं टाकून निंगून गेली असन आपल्या कामाले. तिले अजून मालूम नसन कोनी पाह्यलं म्हनून. तिचा हरीक, तिची खुशी, तिच्यापाशी राहू देल्ला त्यानं. माहा तुमी फोटोत घातला. वरतून म्हन्ते, हसू नका.”

यादी मघाशीच गेली, फोटोसकट, असं पाळक अगदी हळू म्हणाले. नाव काढण्याबद्दल पंचांशी बोलतो म्हणाले. माफी त्यांच्या ओठांवर आली असावी, पण शिकलेल्या माणसाची माफी वाक्य जुळवत बसते. जयमालानं वाट पाहिली नाही. तेल, साखर, साबण तिनं खुर्चीवर काढून ठेवलं.

“हे ज्याले लागते त्याले द्या. ज्वारी नेतो मी. माह्या हाताची हाय. अन् मूठ मी काढत राहीन. पंचाईले सांगजा, पुढच्या हंगामाले पिपा घेऊन येईन. घ्यायचा नसन तं देवळाच्या पायरीवर ठेवीन.”

तिथून ती सरळ गिरणीवर गेली. गिरणीवाल्यानं विचारलं, एवढं दळण, पाहुणे येणार काय? तिनं गाठ सोडून ज्वारी पुढे केली.

सोमवारी पहाटे तिनं चूल पेटवली. आधी पोत्यातली मूठ काढली, मग पीठ मळायला घेतलं. राग अजून उतरला नव्हता. पहिल्या दहा भाकरी तिनं अशा थापल्या की परात वाजत राहिली. पंचविसाव्या भाकरीला हात सावकाश झाले. उजाडता उजाडता टोपली भरली, वर मिरचीचा ठेचा ठेवला, आणि ती फाट्याकडे चालू लागली.

फाट्यापाशी सोयाबीन सोंगायला आलेल्या मेळघाटच्या मजुरांची पालं होती. रोज शाळेत जाताना ती त्यांच्यावरून जायची. बाया भांडी घासत होत्या, एक म्हातारा तीन दगडांच्या चुलीत फुंकर घालत होता. कामावर न्यायला ट्रॅक्टर येऊन उभा होता आणि तवा अजून थंडच होता. जयमालानं टोपली खाली ठेवली, कापड काढलं. वाफ वर आली.

जवळची एक बाई उठून आली. साधारण तिच्याच वयाची, कपाळावर गोंदण. तिनं भाकरी चिमटीत धरून पाहिली आणि संशयानं विचारलं, “कितने की?”

“पैसे नाई पायजे.”

“वोट का है?”

“नाई वं माय. खा.”

बाईनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग मागे वळून आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि हात पुढे आले. कुणी आभार मानले नाहीत, कुणाला तेवढा वेळ नव्हता. म्हाताऱ्यानं भाकरीवर ठेचा फासला आणि तिखट लागून तो ठसकला तशा पोरी हसल्या. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. टोपलीचा तळ दिसू लागला. रविवारी जे हसू येणार होतं ते जयमालाला आता आलं. तोंडाला पदर लावायचं तिच्या लक्षात आलं नाही.

शेवटची भाकरी त्या गोंदणवाल्या बाईच्या वाट्याला आली. तिनं ती हातावर मोडली. अर्धी स्वतः घेतली आणि दुसरी अर्धी जयमालापुढे धरली.

जयमालानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढे केले, अर्धी भाकरी घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि त्या बाईच्या शेजारी, मातीत, मांडी घालून जेवायला बसली.