विटलेला लाल

वाफेच्या कोठीतून बाहेर फेकलेल्या ओल्या बंड्यांच्या ढिगातून एवाल्टनं आपल्या नंबरची बंडी ओढून काढली, झटकली, आणि त्याच्या काळजात धस्स झालं. छातीवरचा लाल त्रिकोण पार विटला होता. उवा मेल्या की नाही देव जाणे, रंग मात्र मेला होता. त्यानं बंडी उजेडाकडे धरली. कोणत्याही बाजूनं बघितलं तरी तो आता गुलाबीच वाटत होता.

"हिनरिख, हे बघ रे."

हिनरिख त्याचा धाकटा मेव्हणा. दोघे ब्रेमेनच्या गोदीत एकाच पाळीत रिव्हेट ठोकायचे, पत्रकं वाटताना बरोबरच पकडले गेले आणि नाझींच्या छळछावणीत आल्यावर दोघांच्या छातीवर लाल त्रिकोण चढला. लाल म्हणजे राजकीय कैदी. चोर-दरोडेखोरांना हिरवा, कामचुकार ठरवलेल्यांना काळा, बंदूक हाती न घेणाऱ्या बायबलवाल्यांना जांभळा आणि पुरुषावर जीव जडवणाऱ्या पुरुषांना गुलाबी. छावणीच्या मालकांना माणूस ओळखायला तेवढं कापड पुरत होतं.

"दाजी, सगळ्यांचेच विटलेत," हिनरिख बंडीत हात घालत म्हणाला. "माझाही बघा की. तुम्हाला काय लग्नाला जायचंय?"

"उद्या गुलाबीवाल्यांना मातीच्या खाणीत नेणार आहेत."

"मग नेऊ देत. आपण कुठं गुलाबी आहोत?"

एवढ्यावर हिनरिखचं समाधान झालं, पण एवाल्टचा जीव टांगणीला लागला. वीटभट्टीची ती खाण. तिथं गेलेला माणूस महिनाभर टिकला तरी लोक नवल करायचे. त्यात माणसं निवडणारा अधिकारी नवा. नंबर ताडून बघायचा त्याला कंटाळा होता. छातीला काठी टोचायची आणि माणूस बाजूला काढायचा, इतकं सोपं काम त्यानं करून ठेवलं होतं.

संध्याकाळी सूपमध्ये बिटाची एक फोड सापडली. पोटात आग पडली होती, तरी एवाल्टनं ती खाल्ली नाही. भिंतीकडे तोंड करून त्यानं ती त्रिकोणावर घासली. कापड जांभळं झालं. आता उद्या बायबलवाल्यांत उभं राहावं लागेल की काय, या धास्तीनं त्यानं ते घाईघाईनं धुऊन काढलं. परत तोच गुलाबी.

शेवटी तो बराकीच्या टोकाला गेला. तिथं गुलाबीवाल्यांची झोपायची फळी होती आणि तिच्या कडेला वालेंटिन बसला होता. बाहेर असताना एका नाटकमंडळीचा शिंपी, इथं कपडे दुरुस्तीच्या कामावर. इतके दिवस एका बराकीत राहून एवाल्ट त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. जेवताना तो जवळ आला की एवाल्ट आपला वाडगा बाजूला सरकवायचा. आज त्यानं त्याच हातानं अर्धा पाव पुढं केला.

"लाल कापड मिळेल?"

वालेंटिननं आधी पाव पाहिला, मग त्रिकोण.

"अरे वा! या, या. आमच्यात स्वागत आहे."

एवाल्टचा चेहरा उतरला. "चेष्टा करू नकोस."

"बरं, नाही करत." वालेंटिननं बुटात बोटं घालून एक घडी काढली. कापड कोरं होतं, लालभडक. "एकाचंच होईल."

"स्वतःसाठी ठेवलं होतंस?"

"ठेवलं होतं. पण मला इथं सगळे ओळखतात. रंग बदलला तरी हे थोबाड कुठं लपवू?" त्यानं सुई ओवली. "रांगेत तुझ्या शेजारी कोण असतं?"

"मेव्हणा. का?"

वालेंटिननं एकदा कोऱ्या कापडाकडे पाहिलं, एकदा एवाल्टच्या विटक्या त्रिकोणाकडे.

"टाके सैल घालू की पक्के? पुढंमागं काढायचं झालं तर सैल बरे पडतील."

"पक्के घाल. काढतोय कशाला!"

त्या रात्री एवाल्टला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी रांगेत उभं राहताना हिनरिखनं त्याच्याकडे तिरक्या डोळ्यानं पाहिलं. "नवरदेव दिसताय, दाजी," तो पुटपुटला. एवाल्टला हसू येता येता राहिलं, कारण अधिकारी त्यांच्या रांगेत शिरला होता.

टोप्या उतरल्या. काठी एकेका छातीवरून पुढं सरकत होती. एवाल्टपाशी येऊन ती थांबली. अधिकाऱ्यानं त्या नव्याकोऱ्या त्रिकोणाकडे नीट पाहिलं. मग शेजारी पाहिलं. मग पुन्हा इकडे.

"लाल म्हणजे हा असा," तो म्हणाला आणि काठीचं टोक हिनरिखच्या छातीला लावलं. "मग हा कुठला?"

साहेब, वाफेनं विटलाय. एवढंच म्हणायचं होतं. शब्द एवाल्टच्या जिभेवर आले होते. गाडीत कोंबताना गेझा, त्याची बायको, मागं धावत ओरडली होती, माझ्या भावाला सांभाळ रे. तेही आठवलं. पण काठी अजून त्याच्यापासून वीतभरावरच होती. त्याला भीती वाटली आणि तो गप्प राहिला.

"साहेब, मी राजकीय—" हिनरिख बोलायला गेला. काठी तोंडावर बसली.

"बाहेर."

हिनरिख ओठ पुसत मैदानापलीकडे, खाणीत जाणाऱ्यांच्या रांगेत गेला. तिथं त्याला वालेंटिनच्या शेजारी जागा मिळाली. वाफेनं वालेंटिनचा त्रिकोण जवळजवळ पांढरा पडला होता. त्याच्या बाजूला हिनरिखचा त्रिकोण लाल दिसत होता. मैदानाच्या या टोकावरूनही स्पष्ट कळत होतं, लालच. पण अधिकाऱ्याची तिकडे पाठ होती, तो पुढच्या रांगेत गेला होता.

"तो लाल आहे," एवाल्ट म्हणाला.

"गप की!" मागून कुणीतरी दबक्या आवाजात दरडावलं. "सगळ्यांना मारशील."

पलीकडची रांग चालू लागली. एवाल्टचा हात छातीकडे गेला. त्रिकोणाच्या कडेखाली नख घालून तो ती उचकटू लागला. वालेंटिननं टाके पक्के घातले होते.