नादारीचा कागद

छाननीच्या दिवशी निकितानं हरकतीचा अर्ज तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तिला वाटलं, नावात काहीतरी घोळ झालाय.

चिंचेवाडीच्या सरपंचपदासाठी तिच्या सासूनं, रंगुबाईंनी, अर्ज भरला होता. खरं तर भरला होता निकितानंच. गावात तिचं ऑनलाइन अर्जांचं केंद्र होतं. सातबारा असो, उत्पन्नाचा दाखला असो की पोरांच्या शिष्यवृत्त्या, तिच्या हातून गेलेला अर्ज कधी माघारी आला नाही, असं ती अभिमानानं सांगायची. सासूबाईंना समोर बसवून तिनं एकेक प्रश्न वाचला होता. 'कोर्टानं नादार ठरवलंय का?' असं आल्यावर ती हसली होती. नादार म्हणजे देणी फेडता येत नाहीत म्हणून कोर्टानं तसं जाहीर केलेलं माणूस. तिनं न विचारताच 'नाही' लिहून टाकलं होतं.

आता त्याच रकान्यावर आदिनाथनं बोट ठेवलं होतं. आदिनाथ हा रंगुबाईंचा चुलत पुतण्या, आणि त्याची बायको पंकजा समोरची उमेदवार. हरकतीला त्यानं कोर्टाच्या रजिस्टरातल्या एका पानाची शिक्क्याची नक्कल जोडली होती. सन २००४, अर्ज क्रमांक अमुक, अर्जदार नादार जाहीर.

निवडणूक अधिकारी बाई शांत होत्या. म्हणाल्या, "रजिस्टर सगळ्यांना खुलं असतं, कुणीही नक्कल घेऊ शकतं. कागद खरा दिसतोय. पण नादारी पुढे रद्द झाली असेल तर अडचण नाही. तसा हुकूम उद्या अकरा वाजेपर्यंत आणा."

घड्याळात साडेबारा झाले होते.

"आई, हे तुमचं आहे?" बाहेर आल्याबरोबर निकितानं विचारलं.

"कशाचं काय," रंगुबाई म्हणाल्या आणि पदर सावरत एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.

नगरची गाडी लगेच मिळाली. खिडकीशी बसून निकितानं मोबाईलवर कोर्टाची साइट उघडली. जिल्हा निवडला, कोर्ट निवडलं, प्रकरणाचा प्रकार शोधला. नकलेवरच्या क्रमांकानं काही निघालं नाही, मग नाव. इंग्रजीत रंगुबाई लिहून झालं, रंगूबाई लिहून झालं, कराळेची चार स्पेलिंगं करून झाली. दर वेळी ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाइप करायची, दर वेळी उत्तर तेच: नोंद आढळली नाही. जुन्या निकाली प्रकरणांसाठी कचेरीत अर्ज करावा, अशी सूचना खाली होती. करंजीच्या घाटात रेंजच गेली. तिनं मोबाईल पर्समध्ये आदळला.

"आई, मी तुमच्या सहीखाली खोटं लिहिलंय की खरं, एवढं तरी सांगा मला!"

रंगुबाई बाहेरच्या उताराकडे बघत म्हणाल्या, "व्हय. माझंच हाय ते."

निकिता वळून त्यांच्याकडं बघू लागली.

"मंडपाचा धंदा हुता आमचा. तुझ्या सासऱ्यानं काढलेला. पन कर्ज माझ्या नावावर, बायांना सवलत हुती म्हनून. दोन वरसं लई चांगली गेली. मंग एका लग्नात वावटळ आली, मंडप उडाला, जनरेटरवर खांब पडला आन् सगळं जळालं. मानसं वाचली हेच नशीब. वकील म्हनला, नादारीचा अर्ज करा, न्हाईतर वसुलीवाले घरात मानूस राहू द्यायचे न्हाईत."

"आणि हे तुम्ही अर्ज भरताना सांगितलं नाहीत?"

"तू इचारलंस कुटं? तू तर हसलीस."

निकितानं तोंड फिरवलं. राग सासूचा होता की स्वतःचा, हे तिला ठरवता येईना.

"मग रद्द झाली का नादारी?"

"झाली की. सगळं फेडलं मी. जज्जानं सोता सांगितलं, बाई, आता तू मोकळी. कागद बी दिला."

"कागद आहे?" निकिता सीटवरून उठायचीच बाकी होती. "घरी आहे? तुमच्या लेकाला, कल्याणला, सुप्याहून बोलावते, तो कंपनीतून सुट्टी टाकून…"

"घरी न्हाई. गोदावरीत हाय."

"काय?"

"तुझ्या सासऱ्याची रक्षा न्यायची राहिली हुती. त्ये मधीच गेल्ते ना, फेडायचं चालू असताना. त्यांचा लई जीव टांगलेला त्या देन्यापायी. म्हनून पैठनला रक्षा सोडली, त्यासंगं कागद बी सोडला. म्हनलं, बघा, फिटलं."

निकितानं डोळे मिटून घेतले. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून दोघींकडं पाहिलं. "कोर्टाचा शिक्क्याचा हुकूम," निकिता हळूच म्हणाली, "नदीत. झेरॉक्स तरी काढायची होती, आई."

"कशाला? पुन्यांदा कोन मागनार हुतं?"

नगरला पोचायला अडीच वाजले. कोर्टात जुन्या रेकॉर्डच्या खिडकीशी आसाराम नावाचे कारकून होते, निवृत्तीला टेकलेले, कपाळावर चष्मा चढवलेला. त्यांनी आदिनाथच्या नकलेवरून क्रमांक उतरवून घेतला, आत गेले आणि वीस मिनिटांनी जाडजूड रजिस्टर घेऊन आले.

"इथं आहे बघा. पण नाव आहे रंगू सहादू कऱ्हाळे." त्यांनी आधारकार्ड पाहिलं. "तुमच्या आधारवर रंगुबाई सहादेव कराळे. वय पण तीन वर्षांनी चुकतंय. या नावावरून हे तुमचंच आहे असं मी म्हणू शकत नाही."

निकिताच्या छातीवरचा दगड एकदम उतरला. इतका वेळ जी नावं तिला छळत होती, तीच आता मदतीला आली होती. तिनं सासूला हाताला धरून बाजूला व्हरांड्यात नेलं.

"आई, ऐका. काही शोधायचं नाही आता. उद्या जाऊन सांगायचं, ही बाई दुसरीच. नाव वेगळं, वय वेगळं. आदिनाथभाऊजींना ते सिद्ध करता येणार नाही. संपला विषय."

"दुसरी कोन?"

"कुणीही! असेल कुणी रंगू कऱ्हाळे."

रंगुबाईंनी हात सोडवून घेतला. त्यांचा आवाज चढला नाही, पण निकितानं तो आजवर कधी ऐकला नव्हता.

"सा वरसं ऊसतोडीला कोयता धरला मी. दर दिवाळीनंतर टोळीसंगं जायचं, कल्याणला आदिनाथच्या आईपाशी ठेवून. थंडीत राहायला पाचटाचं कोप, पहाटं मोळ्या. हातात भेगा पडल्या तर त्यात मेन भरायचं आन् पुन्यांदा तोडायला जायचं. एकेकाचं फेडलं. मंडपाच्या कापडवाल्याचं, ब्यांकेचं, त्या जनरेटरवाल्याचं. आन् आता म्हनू, ती मी न्हवंच? मंग फेडलं कुनी?"

निकिता चिडूनच म्हणाली, "बरं. शोधू या."

पण शोधायचं कसं? नादारी रद्द झाल्याचा हुकूम वेगळ्या रजिस्टरात असणार आणि त्यासाठी वर्ष तरी हवं, असं आसाराम म्हणाले. रंगुबाईंना वर्ष आठवेना. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की त्या दिवशी कोर्टाबाहेर त्यांनी उसाचा रस प्यायला होता आणि रसवाल्यानं पैसे घेतले नव्हते.

"त्यानं वर्ष कळत नाही, आई!"

"कल्याणची धावीची परीक्षा चालू हुती. आन् शिमगा व्हायचा हुता."

निकितानं बोटांवर हिशेब केला. नवऱ्याचं दहावीचं गुणपत्रक तिनंच कितीतरी अर्जांना जोडलं होतं. "दोन हजार अकरा. मार्च. पहिला किंवा दुसरा आठवडा."

आसाराम पुन्हा आत गेले. चार वाजून गेले. निकितानं ओळखीसाठी प्रतिज्ञापत्र करून आणलं, कोर्ट फीची तिकिटं लावली, तातडीच्या नकलेचा अर्ज लिहिला, रंगुबाईंची सही घेतली. सही करताना रंगुबाई एकेक अक्षर जुळवत होत्या आणि निकिता मनातल्या मनात त्यांना घाई करत होती. तेवढ्यात आसाराम बाहेर आले, तेही रिकाम्या हातानं.

"मार्चमध्ये नाही."

"नाही कसं?"

"नाही म्हणजे नाही, ताई. मी दोनदा पाहिलं."

निकिताला खिडकीच्या गजांवर डोकं टेकावंसं वाटलं. तेवढ्यात मागून रंगुबाई पुढे झाल्या. "दादा, तवा परीक्षा म्हनजे त्ये तोंडी का काय असतं, त्ये चालू हुतं. बसून लिव्हायचं न्हवं."

"आई!" निकिता जवळजवळ ओरडलीच. "तोंडी परीक्षा फेब्रुवारीत असते!"

आसाराम हसले नाहीत. चष्मा डोळ्यांवर घेऊन परत गेले. बावीस फेब्रुवारीचा हुकूम त्यांना सापडला. त्यात लिहिलं होतं, अर्जदारानं सर्व धनकोंची देणी पूर्ण फेडली आहेत, सबब नादारीचा हुकूम रद्द. खाली हुकूम मिळाल्याची रंगुबाईंचीच सही होती, याच जुळवलेल्या अक्षरांची. आसारामांनी दोन्ही सह्या शेजारी धरून पाहिल्या आणि मान हलवली. "आता काही शंका नाही," ते म्हणाले. कचेरी सुटायला दहा मिनिटं असताना नकलेवर शिक्का पडला.

परतीच्या गाडीत कल्याणचा फोन आला. काय भानगड आहे म्हणून तो विचारत होता. निकिता सांगायला लागली आणि मध्येच थांबली. मंडप जळाला हे कल्याणला माहीत होतं, पण नादारीचं आणि फेडलेल्या देण्यांचं काहीच नव्हतं. आसपासच्या सगळ्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे, तशी आपलीही आई जायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. रंगुबाई हातानं 'नको, नको' अशी खूण करत होत्या.

"तुम्ही सांगा," निकितानं फोन त्यांच्या हातात दिला. "दिवसभर मी बोलतेय तुमच्या वतीनं. आता माझं तोंड दुखलं."

रंगुबाईंनी फोन कानाला लावला. खूप वेळ त्या नुसत्या "व्हय, व्हय" म्हणत होत्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि घाटात रेंज गेली तरी त्या बोलतच राहिल्या. फोन बंद पडलाय हे निकितानं त्यांना सांगितलं नाही. घाट उतरल्यावर तिनं पुन्हा लावून दिला आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला नक्कल दाखल झाली. अधिकारी बाईंनी वाचली, आदिनाथला वाचायला दिली. आपण ते दुसरं रजिस्टर पाहिलंच नव्हतं, असं तो म्हणाला. रंगुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "आदिनाथ, तुझ्या आईनं माझ्या पोराला सा वरसं जेवू घातलं. तिला इचारलं असतंस तर नगरला जायचं भाडं वाचलं असतं तुझं. आन् माझं बी." हरकत फेटाळली गेली.

गावात बातमी पसरली ती भलत्याच अंगानं. नादार म्हणून कुणी बोललं नाही, म्हाताऱ्या माणसांनी मात्र त्या जळालेल्या मंडपाची आठवण काढली आणि रंगुबाईंनी एकेकाचं कसं घरी येऊन फेडलं तेही सांगितलं. मतमोजणीत रंगुबाई सतरा मतांनी निवडून आल्या. गुलाल पडत असताना निकितानं त्यांना बाजूला घेतलं आणि कडक आवाजात विचारलं, "आता यापुढं मला न सांगितलेलं आणखी काही आहे का?"

रंगुबाईंनी जरा विचार केला.

"एक बोअर हाय, अर्जात न लिवलेली," त्या म्हणाल्या.