पेन्सिलीतली तारीख

जयंतरावांनी तीच ओळ चौथ्यांदा टाइप केली आणि स्क्रीनने चौथ्यांदा तेच लाल उत्तर दिलं: या नावाचं काही सापडत नाही. सकाळी दहाला बसलेला माणूस दुपारचे दोन वाजले तरी तिथेच होता. पस्तीस वर्षं इंग्लंडात मेडनहेडमध्ये पेशंट तपासताना जेवढा कमरेचा काटा ढिला झाला नव्हता, तेवढा पायथॉन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेने चार दिवसांत केला होता. एकाहत्तराव्या वर्षी कुणी सांगितलं होतं नसतं लचांड? पण ते गळ्यात बांधून घ्यायला तसंच कारण होतं.

त्यांच्या बायकोची, अलकाची, नजर मधोमध विझत चालली होती. कडेचं दिसायचं, पण समोर बघायला जावं तर नेमकं तेच पुसलेलं. काळ्यावर पांढरं, ठसठशीत अक्षर असेल तर अजून वर्षभर वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अलकाला या वर्षभरात वाचायची होती फक्त तिच्या वडिलांची, अण्णांची पत्रं. मिरजेहून आलेले एकाहत्तर निळे एअरोग्रॅम, त्यावर निळीच शाई, आणि पाठीमागची अक्षरं पुढे उमटलेली.

"मी वाचून दाखवतो की," जयंतराव म्हणाले होते.

"नको. अण्णा माझ्याशी बोलायचे. मध्ये तू नको."

म्हणून हा खटाटोप: पत्रांचे फोटो काढायचे आणि प्रोग्रामकडून त्यांतलं अक्षर काळ्यावर पांढरं, मोठं करून घ्यायचं. त्यांनी बेसिंगस्टोकला मुलीला फोन लावला. तनूचा जन्म इथलाच, नोकरी कॉम्प्युटरवर, आणि मराठी थोडी लंगडी.

"बाबा, इट्स लिटरली वन लाइन. तुम्ही सीव्ही-टू टाकलं असेल. इन्स्टॉल करताना लायब्ररीचा नाव वेगळा असतो, ओपन-सीव्ही-पायथॉन. प्रोग्राममध्ये बोलवताना सीव्ही-टू."

म्हणजे घरी बंड्या आणि शाळेत दत्तात्रय. हे आधी सांगायला काय झालं होतं? जयंतरावांनी शाळेतलं नाव घातलं आणि लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, निमूटपणे आत आली. आता ही फोटोंवर हवी ती प्रक्रिया करणार, असं तनू म्हणाली. प्रोग्रामही तिनेच लिहून पाठवला होता. त्यांनी तो चालवला, तर म्हणे फोटोच नाही. फोटो तर डोळ्यांसमोर होते! पुन्हा फोन.

"फोल्डरचा नाव काय ठेवलात?"

"अण्णांची पत्रं."

"मराठीत? बाबा, विंडोजवर त्याला देवनागरी वाचता येत नाही. आणि का ते पण नाही सांगत. इंग्लिशमध्ये ठेवा ना."

त्यांनी फोल्डरचं नाव इंग्रजीत 'anna' केलं आणि उगाचच अपराधी वाटलं. मग पत्रं उघडली, पण निळ्याची सगळी नारिंगी झालेली. या लायब्ररीत रंग उलट्या क्रमाने धरतात, हे तिसऱ्या फोनवर कळलं. जयंतरावांनी वाद घातला नाही. अंगात त्राणच नव्हतं.

साडेतीनला मात्र काम फत्ते झालं. प्रोग्राममध्ये एक आकडा होता, तो वाढवला की पुसट ते उठून यायचं. तनूने दोन ठेवला होता, जयंतरावांनी चार केला. काळ्या पडद्यावर अण्णांचं अक्षर पांढरंशुभ्र उमटलं, अगदी काल फळ्यावर लिहिल्यासारखं. जयंतरावांना खरंच आनंद झाला. "झालं गं, दहा मिनिटांत ये," त्यांनी हाक मारली आणि एकेक पत्र पुढे सरकवू लागले.

प्रत्येकाच्या वरच्या बाजूला जयंतरावांच्या स्वतःच्या हातची बारीक पेन्सिल होती: मि. म्हणजे मिळाले, आणि पुढे तारीख. त्यांचे वडील कचेरीत कारकून. आलेल्या कागदावर तारीख टाकल्याशिवाय तो उलगडायचा नाही, ही त्यांची शिस्त मुलाच्या हातात उतरली होती.

गठ्ठ्यातलं शेवटचं पत्र आलं आणि जयंतरावांचा हात थांबला. हे अण्णांचं नव्हतं, अलकाच्या भावाचं होतं. कोपरा फाडलेला. घरात मृत्यू झाला की पत्राचा कोपरा फाडून धाडायचे. असं पत्र वाचून झालं की घरात ठेवत नाहीत, पण अलकाने ठेवलं होतं. वर शाईने मि. १२ जून १९८७ लिहिलेलं. आणि त्या शाईच्या खालून, अडतीस वर्षांपूर्वी रबराने खसाखसा घासलेली पेन्सिल आता लख्ख वर आली होती: मि. ३ जून.

अण्णा सत्तावीस मेला गेले. तेरावा आठ जूनला. अलकाचा भूलशास्त्राच्या फेलोशिपचा पेपर अकराला. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा बसत होती ती. मँचेस्टरला हॉस्पिटलच्या दोन खोल्यांत राहत होते तेव्हा. तीनला आलेलं पत्र जयंतरावांनी नऊ दिवस पुस्तकात दडवलं आणि पेपर झाल्यावर तिच्या हातात दिलं. अलका पास झाली. आणि तेव्हापासून आजतागायत, पोस्टाने घात केला नसता तर तेराव्याला तरी पोचले असते, असं ती दर जूनमध्ये म्हणत आली आणि जयंतराव मान डोलवत आले.

चाराचा एक केला असता तर पेन्सिल पुन्हा बुडाली असती. जयंतरावांनी एक टाइपही केला. मग नुसते बघत बसले. या पोस्टाला आणखी किती वर्षं बोल लावू द्यायचा? ते फार थकले होते, आणि ते काही चार दिवसांचं थकणं नव्हतं. त्यांनी एक खोडून पुन्हा चार केला.

अलका भिंतीला हात लावत आली, शेजारी बसली. स्क्रीनवर तेच पत्र होतं. मान तिरकी करून, कडेच्या नजरेने ती वरपासून वाचू लागली. पहिल्या ओळीपाशीच थांबली.

"मि. तीन जून," ती म्हणाली.

जयंतरावांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"तेरावा आठला होता, जयंत." मिरजेच्या कॉलेजात एका वर्गात होते दोघं, त्यामुळे अहो-जाहो कधी नव्हतंच.

"हो. तुझा पेपर... मला वाटलं..."

"काय वाटलं ते नको सांगूस."

जयंतरावांना वाटलं, ती आता उठून जाईल. ती उठली नाही.

"त्या आठवड्यात मी अण्णांना पत्र लिहिलं होतं. पाच तारखेला. तुझ्याकडे दिलं होतं टाकायला."

"नाही टाकलं," ते म्हणाले. "कुणाला टाकणार होतो?"

"फाडलंस?"

"नाही गं. माझ्या जुन्या बॅगेत आहे, वर माळ्यावर. कधी उघडलं नाही."

अलकाने चेहरा बाजूला वळवला. जयंतरावांना वाटलं, तोंड फिरवलं. मग लक्षात आलं, त्यांचा चेहरा दिसावा म्हणून ती तसं बघत होती.

"आण ते," ती म्हणाली. "तेही असंच मोठं कर. काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही."

जयंतराव खुर्चीचा हात धरून उठले. दारापर्यंत गेले असतील, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला.

"आणि वर मिळाल्याची तारीख घाल. आजची. शाईने."