भिंतीला पाठ टेकून

शलाकाची मुलाखत सोमवारी होती, आणि आदल्या बुधवारपासूनच आमच्या घरात कुणाचा पाय ठरत नव्हता.

राजन, माझा मुलगा, इथे कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत इंजिनिअर आहे. कामावरून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "आज कितीदा झाली?" म्हणजे मुलाखतीची तालीम. मग पायजम्यावरच कोट चढवून जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी बसायचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचा आणि अमेरिकन प्रोफेसर व्हायचा.

"मिस शलाका, व्हाय डीओ?"

"बाबा, प्रोफेसरच्या पायजम्याची नाडी लोंबतेय."

"मार्क कापले. उत्तर दे."

अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या दोन वाटा आहेत, हे मला नातीनेच समजावलं होतं. औषधं, ऑपरेशनं दोन्हींकडे सारखीच. पण हे डीओवाले त्यावर आणखी एक विद्या शिकतात, हाडं, सांधे, स्नायू हातांनी चाचपायचे आणि मोकळे करायचे. ऑस्टिओपॅथी म्हणतात तिला. शलाका चार वर्षं तिकडे शिकून आली आणि या विद्येच्या मागे लागली. नऊ कॉलेजांकडे अर्ज धाडले. सहांनी नाही म्हटलं, दोघांनी काहीच म्हटलं नाही, एकाने बोलावलं. तेही कॉम्प्युटरसमोर बसायला नाही, प्रत्यक्ष. मुलाखत, मग कॉलेज बघायचं, तिथल्या मुलांबरोबर जेवायचं, अख्खा दिवस. शनिवारी सकाळचं विमान होतं.

आणि "डीओच का" या प्रश्नाचं तिचं उत्तर मी होतो.

उत्तर इंग्रजीत होतं, पण ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. ती म्हणायची: माझ्या आजोबांनी कुवेतमध्ये आयुष्यभर लोखंड उचललं. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. मी त्यांना सलवा भागात डॉक्टर हिबांकडे नेलं. त्या अमेरिकेत शिकलेल्या डीओ. त्यांनी नुसत्या हातांनी उपचार केले. सहा वेळा गेलो. दुखणं आठवरून एकवर आलं आणि आजोबांनी हात आकाशाकडे नेला. त्या दिवशी मी ठरवलं.

हेच तिने अर्जातही लिहिलं होतं.

माझा खांदा बरा झाला नव्हता. तिने खोटं लिहिलं नव्हतं, मीच तिला खोटं सांगितलं होतं.

झालं असं. डॉक्टर हिबा दर वेळी विचारायच्या, "बाबा, शून्य ते दहा, किती दुखतं?" शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं, आठ. शलाका शेजारी वही घेऊन उभी. दुसऱ्या वेळी खांदा जरा हलका वाटत होता, मी सात म्हणालो. पोरीचा चेहरा असा उजळला की तिसऱ्या वेळी मी पाच म्हणून टाकलं. तोवर दुखणं परत जिथल्या तिथे आलं होतं. पण जिना उतरायला लागल्यावर मधेच कसं थांबायचं? चार, दोन, एक. डॉक्टरीणबाईंना शंका आली असावी. म्हणाल्या, एक फोटो काढून घेऊ खांद्याचा, अजून येत राहा. मी म्हणालो, "नहीं डॉक्टर, खलास. कोई दर्द नहीं. अल्हमदुलिल्ला."

आणि हात वर करून दाखवला.

तो हात वर करायची एक युक्ती आहे. मी रिगर होतो. जड पाइप, व्हॉल्व्ह साखळीच्या कप्पीने वर चढवायचं काम. चौऱ्याण्णव साली साखळी घसरली आणि खांदा गेला. राजन तेव्हा रत्नागिरीला शिकत होता. कंपनीच्या दवाखान्यात दर वर्षी तपासणी व्हायची. डॉक्टर म्हणायचा, हात वर. गेला तर कागदावर "फिट". नाही गेला तर घरी. कामगारांच्या कॅम्पातल्या एका वेल्डरने मला शिकवलं. डावीकडे कलायचं, छाती फुगवायची, खांदा कानाकडे ढकलायचा आणि हसायचं. समोरून बघणाऱ्याला हात वर गेलेला दिसतो. डॉक्टरने विचारलं, कसं आहे, की "बरं आहे". अठरा वर्षं मी असा फिट होतो. नंतर ती सवय जिभेलाच लागली. डॉक्टर दिसला की माझं बरंच असतं.

डॉक्टर हिबांकडची ही गोष्ट फेब्रुवारी-मार्चमधली. पुढे तिने त्याच्यावर अर्ज लिहिला, हे मला सप्टेंबरात कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

बुधवारी मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेलो. एकदा ती आरशासमोर काळा कोट घालून हसायचा सराव करत होती. दुसऱ्यांदा फोनवर होती. गुरुवारी सकाळी समुद्रावर गेलो, बाकावर बसवेना, परत आलो. लिफ्टने वर आलो, पुन्हा खाली गेलो. बाकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, दूध आणलं, घरात दोन लिटर आधीच होतं.

"अण्णा, काय शोधताय?" सुहासिनी म्हणाली. माझी सून, सरकारी इस्पितळात नर्स आहे. "सकाळपासून चौथी फेरी तुमची."

"पाय मोकळे करतोय."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि फ्रीज लावून घेतला.

शुक्रवारी दुपारी बॅग भरून झाली. दोनदा उपसली, पुन्हा भरली. राजनने सर्टिफिकेटांची फाइल आणली, एकेका कागदावर तीन-तीन शिक्के.

"बाबा, ते शिक्के कुणी बघत नाही तिकडे."

"बघितले तर?"

"नाही बघत."

"विमानात जागा आहे ना? मग ने."

मग शलाका माझ्याकडे आली. हातात फोन. "आजोबा, उभे राहा. एक व्हिडिओ घेते तुमचा. घाबरले की बघेन."

"माझा कशाला? गणपतीचा घे."

"गणपतीचा खांदा दुखत नव्हता. हात वर करा."

आता बोलावं, असं मनात आलं. पण राजन कौतुकाने बघत होता, फोन वर धरलेला होता, आणि कुणी "हात वर" म्हटलं की माझं अंग आपोआप चालू होतं. डावीकडे कललो, छाती फुगवली, हसलो. खांद्यात सुरी फिरली.

"परफेक्ट!" शलाका म्हणाली आणि सोफ्यावर बसून व्हिडिओ बघायला लागली. एकदा बघितला, हसली. दुसऱ्यांदा बघितला. तिसऱ्यांदा बोटाने मधेच थांबवला.

"आजोबा."

"हं."

"परत एकदा. भिंतीला पाठ टेकून."

पाठ भिंतीला टेकली की कलता येत नाही. त्या पोरीला हे कळत होतं. मला चहाचं निमित्त काढता आलं असतं. बाथरूमला जाता आलं असतं. इतक्या वर्षांत निमित्तांची मला कधी वाण पडली नाही. पण तीन दिवस घरभर फिरून मी दमलो होतो.

भिंतीशी गेलो. टाचा टेकल्या, पाठ टेकली, डोकं टेकलं. हात उचलला. तो खांद्यापाशी येऊन थांबला.

"एवढाच जातो," मी म्हणालो.

"मागच्या महिन्यात आखडला असेल," राजन घाईने म्हणाला. "एसीने होतं."

"नाही. कधीच बरा नव्हता. त्या आकड्यांतले पहिले दोन तेवढे खरे. कंपनीच्या डॉक्टरलाही असाच हात दाखवायचो, नाहीतर नोकरी गेली असती."

शलाकाने व्हिडिओ पुन्हा लावला, बंद केला. मग सुहासिनीकडे वळली. "आई, तू नर्स आहेस. तुला पण कळलं नाही?"

सुहासिनी ओट्याशी उभी होती. "उपचार संपल्यावरही ते डोक्यातून घालायचा एकही शर्ट घालत नाहीत," ती म्हणाली. "सगळे बटणाचे. डोक्यावर पाणी डाव्या हाताने घेतात. मला कळलं होतं. म्हटलं, तुझ्यासाठी करतायत, तर आपण कशाला बोला."

"वा! म्हणजे घरात मीच एकटी मूर्ख."

"हे बघ," राजनने तालमीसाठी चढवलेला कोट काढला, "उद्या सकाळी विमान आहे. जे लिहिलंय तेच बोलायचं. वीस मिनिटांची मुलाखत, तुझ्या आजोबांचा हात मोजायला इथे कोण येणारे? त्यांनी सांगितलं ते तू लिहिलंस. तुझी काय चूक?"

"तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

"एकच बोलावणं आलंय, शलाका. एकच. कहाणी बदललीस तर संपलं."

"बाबा, गॅस टेस्ट न करता तुम्ही परमिटवर सही कराल?"

राजनने कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. रिफायनरीत कुठल्याही कामाआधी हवेत गॅस आहे का ते तपासून मगच परवानगीच्या कागदावर सही करतात. एकदा वरच्या साहेबाने घाई केली तरी त्याने सही केली नव्हती. घरी येऊन ती गोष्ट तोच महिनाभर सांगत होता.

"ते वेगळं," तो शेवटी म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

शलाकाने खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी तालीम झाली नाही. तो कोट खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

शनिवारी विमानतळावर जाताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. फहाहील रस्ता रिकामा होता. आत जायच्या आधी तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. माझ्यापाशी आली तेव्हा सरळ व्हायच्या आधीच म्हणाली, "मला का नाही सांगितलंत, आजोबा?"

"तू इतक्या आनंदाने लिहून घेत होतीस."

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मग ट्रॉली ढकलत ती निघून गेली.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोहोचल्याचा निरोप आला, तो राजनला. थंडी आहे, खोली बरी आहे. माझं नाव नाही. मी देवाला दिवा लावला आणि काय मागावं ते सुचेना. तिने जुनंच उत्तर द्यावं असं मागावं, तर ती माझ्यासारखी होणार. खरं सांगावं असं मागावं, तर जागा माझ्यापायी जाणार. हात जोडून नुसताच उभा राहिलो.

सोमवारी राजन लवकर घरी आला. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला. मी दारापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून दारापर्यंत. "अण्णा, फरशी झिजेल," राजन म्हणाला, आणि स्वतः उठून माझ्या मागे चालायला लागला. मगरीबची, सूर्यास्ताची बांग होऊन बराच वेळ झाला होता. सव्वासहाला फोन वाजला.

"झाली," शलाका म्हणाली. राजनने फोन स्पीकरवर टाकला.

"काय विचारलं?"

"पहिलाच प्रश्न. व्हाय डीओ."

"मग?"

"मी म्हटलं, अर्जात लिहिलंय ते चूक आहे. माझ्या आजोबांचा हात वर जात नाही. ते डॉक्टरला बरं आहे म्हणाले, कारण एकेकाळी तसं म्हटल्याशिवाय त्यांची नोकरी राहिली नसती. आणि मी ते मानलं, कारण मला तेच हवं होतं. मी आकडे लिहिले, खांदा बघितलाच नाही."

राजन खुर्चीत बसला. कपाळ चोळायला लागला.

"मग काय म्हणाले ते?" सुहासिनीने विचारलं.

"दोघं होते. बाई लिहीत होत्या, त्या थांबल्या. दुसरे एक म्हातारे प्रोफेसर. ते म्हणाले, तुला कळलं कसं? मी भिंतीचं सांगितलं. त्यांनी खुर्चीतून उठून स्वतःच भिंतीला पाठ लावून बघितली."

"म्हणजे खूश झाले?" राजन एकदम सरळ बसला.

"माहीत नाही, बाबा. नंतर दुसरेच प्रश्न. बाई शेवटपर्यंत हसल्या नाहीत. तीन आठवड्यांनी ईमेल येईल."

"तीन आठवडे!"

"आजोबा आहेत का?"

"इथेच आहे," मी म्हणालो.

"निघताना त्या प्रोफेसरांनी विचारलं, आता त्यांना किती दुखतं? मला उत्तर आलं नाही. मी रागाने निघून आले होते, विचारलंच नव्हतं." तिच्या मागून कुणीतरी इंग्रजीत बोलत, हसत गेलं. "म्हणून आता विचारते. आणि आकडा नको. कधी दुखतं, काय करताना, ते सांगा."

"बरं आहे" जिभेवर आलं होतं. दाताशी अडवलं.

"पहाटे," मी म्हणालो. "उजव्या कुशीवर वळलो की."

"कशासारखं?"

"गंजलेला बोल्ट पान्याने फिरवावा तसं. आधी फिरत नाही, मग एकदम फिरतो."

"पुढे?"

सुहासिनीने माझ्यामागे खुर्ची आणून ठेवली. मी बसलो. सांगायला पुष्कळ होतं.